बाटलीवरचं क्रियापद: क्लीनर, रिमूव्हर, स्ट्रिपर, डीस्केलर यांतलं काय घ्यावं, काय सोडावं

मराठीत सफाईचा शब्दच कामाची रीत सांगतो. भांडी घासायची, कपडे धुवायचे, फरशी पुसायची, कढईच्या बुडाला लागलेलं खरवडायचं, बाटली खळबळून घ्यायची, समई उजळायची. बाजारातल्या बाटलीवर मात्र डीस्केलर, डिग्रीजर, स्ट्रिपर, रिमूव्हर, क्लीनर असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि बहुतेक गिऱ्हाईक ते न वाचता लिंबाच्या चित्राकडे बघून बाटली उचलतं. लिंबाचं चित्र डीस्केलरवरही असतं आणि डिग्रीजरवरही. पहिल्यात आम्ल असतं, दुसऱ्यात बहुधा त्याच्या बरोबर उलट, म्हणजे अल्कली. त्यामुळे हे परीक्षण कंपन्यांचं कमी आणि बाटलीवरच्या शब्दांचं जास्त आहे.

सगळ्यांत ढिला शब्द क्लीनर. ‘मल्टिपर्पज क्लीनर’ म्हणजे पाणी, थोडा साबणासारखा द्रव, किंचित विद्रावक (डाग विरघळवणारा द्रव), रंग आणि वास. रोजची धूळ, बोटांचे ठसे, टेबलावर सांडलेला चहा एवढ्यासाठी ठीक. पण एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा टाकला, फडकं पिळून पुसलं आणि मागून साध्या ओल्या फडक्याचा हात फिरवला, तर तेच काम होतं. अपवाद काचेचा. काचेवर साबणाचे ओघळ वाळून दिसतात, म्हणून तिथे अल्कोहोलसारखा उडून जाणारा विद्रावक असलेला ग्लास क्लीनर खरंच कामाला येतो. बाकी मल्टिपर्पजची बाटली घरात नसली तरी अडत नाही.

फरशीच्या बाटलीवर क्लीनरच्या आधी ‘डिसइन्फेक्टंट’ लिहिलं असेल तर पैसे त्या पहिल्या शब्दाचे जातात. त्यात सहसा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याचे कण धनभारित, तर कपड्यांच्या पावडरीतल्या साबणद्रव्याचे ऋणभारित. दोन्ही एकाच बादलीत टाकले की एकमेकांना धरून बसतात आणि जंतू मारायची ताकद संपते. ‘जरा पावडर पण टाकू’ ही सवय इथेच महागात पडते. दुसरी चूक वेळेची. हे द्रव्य पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहिला तरच लागू पडतं. किती मिनिटं ते लेबलावर दिलेलं असतं, अनेकांवर दहा. मागोमाग पंखा लावून फरशी दोन मिनिटांत वाळवली तर फक्त वास उरतो.

डीस्केलर हा सगळ्यांत प्रामाणिक शब्द. स्केल म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा पांढरा, दगडासारखा थर. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या पृष्ठभागावरच चिकटतं. म्हणून थर बादलीपेक्षा गिझरच्या कॉइलवर, केटलच्या बुडाला आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या हीटरवर आधी दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. मुंबईत तलावांचं, पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, तिथे डीस्केलरचं काम वर्षातून एकदोनदाच पडतं. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत दर दीडदोन महिन्यांनी पडेल.

विकत घ्यायच्या आधी व्हिनेगरचा एक थेंब थरावर टाकून बघा. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे, डीस्केलर चालेल. काहीच झालं नाही तर थर सिलिका किंवा सल्फेटचा असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर आम्लाची पाकिटं ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वॉशिंग मशीनसाठी १०० ग्रॅमची पाकिटं मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पाकिटांत मुख्य ऐवज सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. काहींत सल्फॅमिक ॲसिड असतं, ते थोडं जोरकस. हिशोब सरळ आहे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला स्फटिकरूप सायट्रिक ॲसिड सुमारे १४० ग्रॅम लागतं. म्हणजे एक पाकीट जास्तीत जास्त ७० ग्रॅम थर काढेल. दोन वर्षं हात न लावलेल्या मशीनमध्ये एक पाकीट टाकून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. तिथे एकापाठोपाठ दोनतीन फेऱ्या लागतात. किलोभर सुटं लिंबूसत्त्व घेतलं तर दर फेरीचा खर्च बराच खाली येतो. कंपनीच्या पाकिटात मापाची सोय आणि वॉरंटीच्या तक्रारीत वाद नको एवढंच जास्तीचं मिळतं.

रीत अशी: ड्रम रिकामा, पावडर थेट ड्रममध्ये, ६० अंशांचा कॉटन प्रोग्राम किंवा टब क्लीन, शेवटी एक जादा रिन्स. ९० अंश लावायची गरज नाही. सायट्रिक ॲसिडपासून होणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, त्यामुळे फार तापवलं की विरघळलेला माल पांढरी भुकटी होऊन परत बसायला लागतो. रात्रभर भिजतही ठेवू नका. ड्रमच्या मागचा आधार बऱ्याच मशीनमध्ये ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला आम्ल मानवत नाही.

इथे दुकानदारही गोंधळ घालतात. ‘टब क्लीनर’ आणि ‘डीस्केलर’ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. टब क्लीनरमध्ये बहुधा सोडियम परकार्बोनेट असतं, म्हणजे ऑक्सिजन सोडणारं ब्लीच आणि धुण्याचा सोडा. दाराच्या रबरात साठणारा काळपट, कुबट गाळ (साबण, धागे आणि बुरशी) त्याने निघतो, हीटरवरचा थर निघत नाही. डीस्केलरचं नेमकं उलट. आणि दोन्ही एकदम टाकले तर आम्ल आणि सोडा एकमेकांना खाऊन फेस काढतात, दोन्ही पाकिटं फुकट जातात. एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरं.

केटलसाठी लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व. कोमट करून बटण बंद, अर्धा तास थांबायचं, ओतून विसळायचं, मग एकदा साधं पाणी उकळून फेकायचं. शॉवरच्या जाळीला तेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तासभर बांधून ठेवा. गिझरचं गणित वेगळं. टाकीत आम्ल भरून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. साठवणीच्या गिझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची एक कांडी असते, आम्ल आधी तीच खातं. बरोबर काम म्हणजे वीज एमसीबीपासून बंद करून तंत्रज्ञाने कॉइल बाहेर काढणं, लिटरला ५० ग्रॅम सायट्रिकच्या पाण्यात ती बुडवणं, टाकीच्या तळाची खपली धुऊन काढणं आणि कांडी झिजली असेल तर बदलणं. ‘गिझर सर्व्हिसिंग’ बोलावल्यावर कांडी दाखवा म्हणून सांगावं. कांडी न बघता निघालेल्या माणसाने अर्धंच काम केलेलं असतं.

डीस्केलरची खरी मेख दगडात आहे. शहाबादी, कोटा, काळा कडप्पा, संगमरवर हे सगळे चुनखडकाच्या घराण्यातले. केटलमधला थर आणि शहाबादी फरशी यांत आम्लाला फरक करता येत नाही, कारण दोन्हींत मुख्य माल कॅल्शियम कार्बोनेटच. कडप्प्याच्या ओट्यावर अर्धं लिंबू उपडं राहिलं की पांढरा गोल उठतो तो डाग नसतो. तिथली चकाकी आम्लाने खाल्लेली असते, आणि ती कुठल्याच क्लीनरने परत येत नाही. पुन्हा पॉलिशच करावं लागतं. अशा ओट्यावर नळाखाली क्षार साठले तर प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडणं आणि साबणाचं पाणी, एवढाच मार्ग. ग्रॅनाइट सौम्य आम्ल सोसतं, पण त्याच्या जोडातलं सिमेंट सोसत नाही.

टॉयलेट क्लीनर हा नावाने क्लीनर, कामाने डीस्केलर. हार्पिकसारख्या निळ्या द्रवात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते दाट केलेलं असतं, कारण कडेखालून ओघळताना चिकटून राहायला हवं. पोर्सेलीनवर ते उत्तमच, भांड्यातला पिवळा खर त्याने जातो. पण ओतायच्या आधी ब्रशने भांड्यातलं पाणी मागे ढकलून पातळी खाली न्यावी, नाहीतर ते पाण्यात विरळ होऊन नुसता रंग देतं. वीस मिनिटं थांबून मग घासावं. हेच द्रव स्टीलच्या सिंकमध्ये, क्रोमच्या नळावर किंवा कोट्याच्या पायरीवर वापरलं तर अनुक्रमे खड्डे, सोललेला मुलामा आणि खरखरीत पांढरी फरशी मिळते. त्याच्या आगेमागे हायपोक्लोराइटवालं ब्लीच (डोमेक्सचे काही प्रकार त्या जातीतले) एकाच भांड्यात ओतू नये. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि दार बंद असलेल्या चार फुटी न्हाणीत तो दमेकऱ्याला दवाखान्यात पोचवू शकतो.

डिग्रीजर स्वयंपाकघराचा. तेलाचा ताजा थर साबणाने निघतो. चिमणीच्या जाळीवर, एक्झॉस्टच्या पात्यांवर साचतो तो थर मात्र तेल राहिलेला नसतो. सोयाबीन, सूर्यफूल यांसारखी तेलं उष्णता आणि हवा मिळाली की आटून वार्निशसारखी होतात. त्यांच्यावर नुसतं लिक्विड घासून हात दुखतात. अल्कली त्या थरातली स्निग्धाम्लं साबणात बदलते, मग ती पाण्यात येतात. स्प्रेच्या बाटलीत अल्कलीबरोबर थोडा विद्रावक असतो, म्हणून उभ्या पृष्ठभागावर, टाइल्सवर ती सोयीची. सुट्या जाळीसाठी मात्र बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही. लिटरभर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, काम होतं. खाण्याचा सोडा इथे फार सौम्य पडतो, समाजमाध्यमांवर त्याचं कितीही कौतुक असो.

अट एकच: जाळी स्टीलची हवी. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण पुष्कळसं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. वजनाने हलकी, मऊ, थरांची जाळी म्हणजे ॲल्युमिनियम समजावं. सोड्यात ते काळं पडतं, आणि कॉस्टिकमध्ये तर हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळतं. हिंडालियमची कढई सोड्याने काळी होते तीही याच कारणाने. ॲल्युमिनियमला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोनदा. जास्त वेळ लागतो, पण जाळी उरते.

आता रिमूव्हर आणि स्ट्रिपर. हार्डवेअरवाला दोन्ही एकच म्हणून देतो, पण रसायनात फरक आहे आणि तो कळला तर पैसे वाचतात. नेलपेंट रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन किंवा तसलंच काही. नेलपेंट नुसतं वाळलेलं असतं, विद्रावक मिळाला की परत पातळ होतं आणि पुसून निघतं. जुन्या सागवानी दारावरचं लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश याच जातीचं. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं, बोटाला लागलं, तर लाख आहे. मग स्पिरिट आणि स्टीलवूल पुरे, स्ट्रिपरचा डबा घ्यायचं कारण नाही. तेलरंग, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) यांची गोष्ट निराळी. त्यांचे रेणू वाळताना एकमेकांत विणले जातात, ते विरघळत नाहीतच. थिनर लावून ते निघेल ही आशा म्हणूनच फोल. स्ट्रिपर त्या थरात शिरून त्याला फुगवतो आणि लाकडापासून सुटा करतो, मग तो पट्टीने सोलून काढायचा.

हे वेगाने करणारा स्ट्रिपर म्हणजे डायक्लोरोमिथेन, उर्फ मिथिलीन क्लोराइड, असलेली जेल. कामाच्या बाबतीत त्याला तोड नाही. तेलरंगाचे तीनचार थर पंधरावीस मिनिटांत सुरकुततात. पण अमेरिकेत घरगुती गिऱ्हाइकाला असा पेंट स्ट्रिपर विकायला २०१९ साली बंदी घातली गेली. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. २००० ते २०११ या काळात तिथे बाथटबचा जुना लेप काढणारे किमान १३ कामगार या वाफेने दगावल्याची नोंद आहे. बहुतेक प्रकार सारखाच: छोटं बाथरूम, खिडकी बंद, माणूस टबवर वाकलेला. डब्यावर हे नाव असेल तर काम गच्चीत, अंगणात, निदान आरपार वारा असलेल्या व्हरांड्यात. कापडी मास्क आणि एन-९५ धुळीसाठी असतात, वाफ त्यांतून सरळ आत जाते. पातळ नायट्राइल हातमोज्यांतूनही हे द्रव काही मिनिटांत पार होतं आणि कातडी जळजळायला लागते, तेव्हा ओले झालेले मोजे लगेच काढून टाका.

डायक्लोरोमिथेनचा उत्कलनबिंदू ४० अंशांच्या जरासा खाली आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात बंद डब्यात दाब साठतो, आणि झाकण उघडताना द्रव तोंडावर उडतो. डबा सावलीत थंड करून, वर ओलं फडकं टाकून, झाकण जरा जरा सैल करत उघडावा. भर उन्हात लावलं तर रंगात शिरण्याआधीच उडून जातं.

लावायची रीत नेहमीच्या ब्रशकामाच्या उलट आहे. जाड थर, एकाच दिशेने, एकदाच. परत परत ब्रश फिरवू नये, कारण जेलमधलं मेण वर येऊन पातळ साय धरतं आणि तीच विद्रावकाला उडू देत नाही. साय मोडली की काम थांबलं. वरून प्लॅस्टिकचा कागद टाकला तर आणखी चांगलं. सात बाय तीन फुटी दाराची एक बाजू जवळपास दोन चौरस मीटर भरते, आणि एका लिटरात जाड हाताने दोनतीन चौरस मीटर होतं. दोन्ही बाजू, दोन हात असा हिशोब धरला तर तीन लिटर आणा. कोरीवकाम असेल तर चार. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर मऊ झालेल्या सागावर ओरखडे उठतात. नक्षीत पट्टी शिरत नाही, तिथे जाड सुतळी पुढेमागे ओढावी.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते यानंतर. रंग निघाला म्हणून लोक लगेच पॉलिशला लागतात. पण लाकडावर ते मेण राहिलेलं असतं. त्यावर पॉलिश नीट धरत नाही, ठिकठिकाणी चिकट राहतं, आणि दोष पॉलिशवाल्याला जातो. एनसी थिनरने दोनदा पुसायचं, दर वेळी नवं फडकं, मग चोवीस तास वाळवायचं, मग १५० आणि नंतर २२० नंबरचा पॉलिशपेपर. ‘वॉटर रिन्सेबल’ लिहिलेल्या जेली पाण्याने धुता येतात खऱ्या, पण सागाचे तंतू पाण्याने उभे राहतात, म्हणून घासाई वाढते.

जुन्या वाड्यांच्या दारांवर दुसरी भानगड असते शिशाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, धूळ पोरांच्या पोटात जाते. तिथे स्ट्रिपरचा ओला रस्ताच बरा. निघालेली साल कचऱ्याच्या टोपलीत उघडी न टाकता कागदात गुंडाळून, बंद पिशवीत. कॉस्टिक सोडा हा जुन्या रंगाऱ्यांचा स्वस्त स्ट्रिपर. तेलरंग त्याने निघतो, पण साग काळवंडतो, जुन्या सरसाचे जोड सुटतात आणि लाकडात उरलेला कॉस्टिक व्हिनेगरच्या पाण्याने मारावा लागतो. दारासाठी त्याला आमचा नकार. लोखंडी गजांसाठी चालेल. बेंझिल अल्कोहोलवाले नवे स्ट्रिपर सौम्य आहेत, फक्त तासांच्या हिशोबाने थांबायची तयारी हवी, कधीकधी रात्रभर.

गंजाच्या शेल्फवरही शब्दांची अदलाबदल चालते. रस्ट रिमूव्हर गंज विरघळवतो (फॉस्फोरिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिड), तर रस्ट कन्व्हर्टर गंज काढत नाही, त्याला काळ्या घट्ट थरात बदलून तिथेच ठेवतो. वरून रंग द्यायचा असेल तर दुसरा, पाना किंवा विळी चकचकीत हवी असेल तर पहिला. जीआयच्या पत्र्याला पहिला लावला तर गंजाबरोबर जस्ताचा मुलामाही जातो. डब्ल्यूडी-४० या दोन्हींत बसत नाही. त्यातली अक्षरं पाणी हटवण्यासाठीच्या इंग्रजी शब्दांची आहेत, अडकलेला नट सैल करायला ते छान, गंजाला साधारण.

स्टेन रिमूव्हर घेताना घटकांत ‘प्रोटीएज’ किंवा नुसतं ‘एन्झाइम’ दिसलं तर ती बाटली पैठणीपासून लांब ठेवा. रक्त, दूध, अंडं यांचे डाग ते पचवतं, आणि रेशीमही प्रथिनच. सुती कपड्यावरच्या हळदीला मात्र कुठल्याच महाग बाटलीची गरज नाही. साबण लागताच डाग लाल होतो म्हणून लोक घाबरतात. अल्कलीत हळदीचा रंग तसा बदलतोच, कुंकू करताना हीच गोष्ट मुद्दाम घडवतात. धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन दिवसांत फिका पडतो. राहिलाच तर पाच लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम परकार्बोनेट, तासभर. हे पण सुतीलाच.

ड्रेन क्लीनरच्या दाण्यांत कॉस्टिक असतं, काहींत ॲल्युमिनियमचे तुकडेही, म्हणजे उष्णता आणि बुडबुडे दोन्ही. बेसिनमधल्या केसांवर ते चांगलं चालतं. ओट्याच्या तेलकट पाइपात मात्र अर्धवट माप टाकून पाणी कमी सोडलं तर वितळलेलं तेल साबण होऊन पुढच्या वळणावर दगडासारखं थिजतं आणि मूळचं तुंबणं बरं होतं म्हणायची वेळ येते. पाकिटावरचं पूर्ण माप, अर्धा तास, मग दोन बादल्या पाणी सलग. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचे जोड मऊ पडतात आणि कॉस्टिक तोंडावर उसळतं. सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडता येत असेल, तर पाकीट आणण्याआधी खाली बादली लावून तो उघडून बघा.